कुणाला इचारून?

सोलापूरला जाणारी सकाळची गाडी अणदूरच्या थांब्यावर येऊन उभी राहायची, चालक खाली उतरून चहा प्यायचा, आणि समोरच्या घराच्या ओट्यावर बसलेली निलव्वा हात वर करून म्हणायची, "हं, जाऊ दे आता." तोवर चालकाचा चहा संपलेला असायचा. गाडी निघायची. गाडी आपल्या सांगण्यावरून निघते याबद्दल निलव्वाला तिळभर शंका नव्हती, आणि तिची ही समजूत खोडून काढायची हिंमत गावात कुणाला नव्हती. एकदा गाडी तिचा हात वर व्हायच्या आधीच सुटली, तर दिवसभर ती त्या चालकाच्या घरच्यांची चौकशी करत होती. बिचाऱ्याच्या घरी कुणीतरी आजारी असणार, नाहीतर असं कशापायी करंल, असं तिचं म्हणणं.

सगळं गाव तिला अव्वा म्हणायचं. आमच्या या सीमेकडच्या भागात घराघरांत अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं, आणि अव्वा म्हणजे आई. मी मूळची परंड्याची. शिक्षिका म्हणून बदली होऊन अणदूरला आले आणि अव्वाच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. घेतली म्हणजे काय, मिळवली. त्याआधी तिनं माझी जी मुलाखत घेतली, तशी नोकरी देतानाही कुणी घेतली नव्हती. आमटीत गूळ घालता का, नवरा येतो तेव्हा चपला कुठं काढतो, पाहुणे आले तर लवकर जातात का. सगळी उत्तरं ऐकून म्हणाली, "ऱ्हावा. पण दाराची कडी लई वाजवता तुमी, ती हळू लावा." मी अजून खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं.

तिच्या तोंडी एक प्रश्न कायम असायचा, "कुणाला इचारून?" लाईट गेली, कुणाला इचारून? शेजारच्या पोरानं केस रंगवले, कुणाला इचारून? माझ्या भाचीचं लग्न ठरल्याचं सांगायला मी हौसेनं गेले, तर पेढा हातात घेऊन, खाऊन, बोटं पुसून मग तेच. उत्तराची तिला गरज नसायची. जगात काहीतरी घडलं आणि त्याची वर्दी आपल्याला आधी आली नाही, एवढीच तिची तक्रार. लाईट लवकर आली तर म्हणायची, "बोलावं लागतंय. बोलल्याबिगर कुणी काय करत न्हाय." अर्धा दिवस घालवून आली, तरी तेच म्हणायची.

अणदूरचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला राहायला जातो. दोन्ही गावांत पूर्वापार तसं ठरलेलं आहे. देव निघाला की अव्वा ओट्यावरून हात जोडायची आणि पोराला परगावी धाडताना सांगावं तशा आवाजात सांगायची, "येळंवर माघारी या. घर हितं हाय तुमचं." देव ठरल्या दिवशी परत यायचा. तेव्हा ती माझ्याकडं बघून नुसती मान हलवायची. सांगितलेलं ऐकतो हो, असा त्याचा अर्थ.

तिच्या रानात बोअर मारायची ठरली तेव्हा पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याला बोलावलं होतं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला, आणि लिंबाच्या झाडाजवळ नारळ उभा राहिला. "हितं पाणी हाय," तो म्हणाला. अव्वा म्हणाली, "हितं लिंब हाय. माझ्या हातचा हाय. त्याच्या मुळ्या तोडू देणार न्हाय. तिकडं वरच्या अंगाला मारा, तिथं लागंल." पाणाड्यानं आपली नाराजी नारळासकट पिशवीत घातली आणि तो निघून गेला. वरच्या अंगाला बोअर मारली. पाणी लागलं. पुढच्या वर्षी लिंबाच्या पलीकडं शेजाऱ्यानं त्याच पाणाड्याचं ऐकून बोअर मारली, तर तिला अव्वाच्या बोअरपेक्षा दुप्पट पाणी. सगळे अव्वाच्या तोंडाकडं बघायला लागले. ती म्हणाली, "माझं उरल्यालं तिकडं गेलं असंल."

आता एवढा कारभार चालवायचा म्हणजे डोकं ठिकाणावर लागतं. अव्वाचं होतं. माझ्या वर्गात आज कोण येणार नाही हे मला हजेरीच्या आधी तिच्याकडून कळायचं, कारणासकट. कुणाची शिडी कुणाकडं गेलीय, कुणाच्या म्हशीचे दिवस कधी भरतात, माझी रजा शिल्लक आहे की संपली, सगळं तोंडपाठ. सत्तरी तिनं कधीच ओलांडली होती. समोरच्या ओट्यावर तिचे चुलत दीर बसायचे, तिच्याच वयाचे. ते येता-जाता आकाशाकडं बोट करून "समदं त्याच्या हातात" म्हणायचे, आणि आपण सकाळी जेवलो की नाही हे सुनेला विचारायचे. मी मनाशी म्हणायचे, एवढं सगळं त्याच्या हातात दिल्यावर आपल्याकडं काय उरणार. अव्वानं त्याच्याकडं काहीच दिलेलं नव्हतं. सगळं आपल्यालाच बघायचंय असं तिला वाटायचं, मग सगळं लक्षात ठेवणंही आलंच.

तिचे यजमान, अप्पा, मी यायच्या आधीच वारले होते. झोपेतच गेले. त्यांच्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. ज्वारी निवडत बसलो होतो. म्हणाली, "माणूस मोठा गुणाचा. बनेल कंचं घालू, इचारायचे. पाहुण्याकडं जाऊ का, इचारायचे. आन् जाताना एका शब्दानं इचारलं न्हाय बगा." ज्वारीतला खडा तिनं अंगणात भिरकावला.

मग एका साली, गौरी जेवून गेल्यावर, न्हाणीत अव्वाचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. तिचा एकुलता एक मुलगा मल्लिनाथ पुण्याला एका कंपनीत मोठा साहेब, हाताखाली बरीच माणसं. तो त्याच दिवशी गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. मुलगा वाईट असता तर फार बरं झालं असतं. वाईट मुलाशी अव्वा भांडली असती, आणि जिंकली असती. पण मल्लिनाथ चांगला होता, त्याची बायको सुजाता त्याहून चांगली. चांगल्या माणसांशी भांडायचं कसं, हे अव्वाला कुणी शिकवलं नव्हतं.

पुण्यात तिची फार काळजी घेतली. काळजी म्हणजे काय, ते मी दिवाळीच्या सुट्टीत तिला भेटायला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. अव्वा उठली की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "तुम्ही बसा." पाणी घ्यायला उठली, तुम्ही बसा. खिडकी लावायला उठली, तुम्ही बसा. काय खाणार, असं रोज प्रेमानं विचारायचे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं द्यायचे. गोळ्यांची डबी भरून ठेवलेली, कपडे काढून ठेवलेले, टीव्ही लावून ठेवलेला. मला सोडायला ती दारापर्यंत आली तर लिफ्टचं बटणसुद्धा नातवानं दाबलं. मनगट कधीच भरून आलं होतं. पण बसवलेलं माणूस पुन्हा उठवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढची गोष्ट मला सुजातानं सांगितली. आमच्याकडं मार्गशीर्षाच्या अमावास्येला येळवस असते. सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आणि मग डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल असं पोटभर खाऊन झाडाखाली लोळायचं. अव्वाला बरं वाटावं म्हणून मल्लिनाथनं पुण्यात येळवस केली. भज्जी बाहेरून मागवली, मित्रांना बोलावलं, गच्चीवर सतरंज्या टाकल्या. सगळं होतं, फक्त पांडव नव्हते. ते कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

अव्वा कुणाला न सांगता खाली गेली. सोसायटीच्या बागेच्या कडेला शोभेचे गोटे लावलेले होते, त्यांतले पाच तिनं निवडून पदरात घेतले आणि एका झाडाखाली बसून हातानं जागा सारखी करायला लागली. वॉचमन लगबगीनं आला. उद्धट नव्हता तो, मुकाट्यानं आपलं काम करणारा माणूस. म्हणाला, "आजी, कुणाला विचारून?"

सुजाता वरून बघत होती. तिला वाटलं, आता त्या वॉचमनची धडगत नाही. पण अव्वा उठून उभी राहिली आणि पदरातल्या दगडांकडं बघत राहिली. जन्मभर जो प्रश्न तिनं साऱ्या गावाला विचारला, तो पहिल्यांदाच तिला कुणीतरी विचारला होता. तिनं एकेक दगड जिथला तिथं नेऊन ठेवला. वर आली, भज्जी खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाली. स्वतःच्या सोडून कुणाच्याही भज्जीला ती आयुष्यात चांगली म्हणाली नव्हती. सुजाताला तिथंच संशय यायला हवा होता.

त्यानंतर मी फोन केला, की पलीकडं कुणीतरी वेगळंच बोलायचं.

"अव्वा, कधी येताय गावाकडं?"

"इचारून सांगते."

"थंडी आहे का तिकडं?"

"इचारून सांगते."

महिन्याभरात ती नावं विसरायला लागली. सुजाताला आपल्या नणंदेच्या नावानं हाक मारायची. जेवल्यावर परत जेवायला बसायची. मल्लिनाथ घाबरला आणि तिला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी कुलूप, चमचा आणि पोपट अशी तीन नावं सांगितली, इकडचं तिकडचं बोलले आणि मग मल्लिनाथला विचारलं, "आजींना आठवतात का?" अव्वा मल्लिनाथकडं बघायला लागली. "आजींना आज वार कोणता ते माहिती आहे?" परत मल्लिनाथकडं. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे सुरुवात झालेली दिसते, गोळ्या देतो, सहा महिन्यांनी परत आणा. मल्लिनाथनं तेवढ्यात एक केंद्रही बघून ठेवलं, वृद्धांसाठीचं, पलंगाशेजारी घंटा, दारात नर्स. पुढच्या तपासणीत फरक पडला नाही तर अव्वा त्या केंद्रात जाणार, अणदूरचं घर बंद होणार आणि रान दुसऱ्याला देऊन टाकणार, असं ठरलं. अव्वाला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण तिनं इचारून सांगते म्हटलं असतं.

मधल्या काळात मल्लिनाथच्या लेकीचं बाळंतपण अमेरिकेत निघालं. दोघांना जाणं भाग होतं. म्हणून ते काही महिने अव्वाला अणदूरला आणून ठेवलं. तिचं रान वाट्यानं करणारे रशीदभाई, त्यांची बायको मुमताज स्वयंपाकाला आणि सोबतीला. आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक कॅमेरा. त्यातून मल्लिनाथ अमेरिकेत बसून सगळं बघणार, आणि बोलणारही. "अव्वा, गोळी घेतली का? अव्वा, दार लावून घे." भिंत बोलायला लागल्यावर मुमताजनं पहिल्या दिवशी हातातलं ताट टाकलं.

अव्वा आली त्या दिवशी मी मुद्दाम कडी वाजवून दार लावलं. ती समोरून गेली. कडीबद्दल चकार शब्द बोलली नाही. मी आत जाऊन रडले. सकाळची गाडी यायची, चहा व्हायचा, गाडी जायची, आणि अव्वा ओट्यावर हात मांडीत घेऊन बसलेली असायची. गाडी तिच्याशिवाय अगदी बिनबोभाट सुटत होती. मला ते बघवायचं नाही.

ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहायची. "मल्लू, आंघोळ करू का?" अमेरिकेत तेव्हा रात्र असायची, मल्लिनाथ झोपलेला असायचा. कॅमेऱ्यातला तांबडा दिवा नुसता बघत राहायचा. अव्वा तिथंच ताटकळायची, पाणी गार होऊन जायचं. मुमताज म्हणायची, "अव्वा, करा की आंघोळ, त्यात काय इचारायचं?" अव्वा म्हणायची, "न्हाय बाई. त्याला राग येईल." मल्लिनाथला राग येतो कसा हे मी कधी बघितलेलं नाही.

शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, पेरणीआधीची नांगरट चालू होती. एका सकाळी मी शाळेला निघालेली आणि रशीदभाई धापा टाकत आले. "अव्वा, शेजारचा ट्रॅक्टर लावून बांध कोरायलाय. हातभर आपल्यात आलाय. काय करू?"

अव्वा उठली आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "मल्लू, बांध कोरायलाय म्हनं. काय करायचं रं?"

दिवा लुकलुकला.

"मल्लू?"

रशीदभाई दारात उभे, मी पर्स खांद्याला लावून उभी, मुमताज पिठाच्या हातानं उभी. आम्ही चौघं त्या भिंतीच्या तोंडाकडं बघत होतो. मला त्या क्षणी अमेरिकेचा, कॅमेऱ्याचा, मल्लिनाथच्या चांगुलपणाचा इतका संताप आला होता की सांगता सोय नाही. रशीदभाई हळूच म्हणाले, "अव्वा, तुमीच बोला की. आता लिंबापतोर येतोय त्यो."

"लिंबापतोर?" अव्वानं मान वळवली. मग म्हणाली, "कुणाला इचारून?"

चपला तिनं स्वतः शोधल्या. रशीदभाईंच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली. पुढचं रशीदभाईंनी संध्याकाळी सांगितलं. ट्रॅक्टरपुढं बांधावर बसली म्हणे, आणि शेजाऱ्याला त्याच्या वडिलांनी तो बांध घालताना काय शब्द दिला होता, त्या दिवशी कोण कोण हजर होतं आणि त्याची आई कुणाच्या हातची भाकरी खाऊन गेली होती, ते सगळं सांगितलं. तो शेवटी म्हणाला, अव्वा, ट्रॅक्टर माघारी घेतो पण आता गप बसा. येताना ती रशीदभाईंना कुठं वळायचं ते सांगत होती. रशीदभाई त्या वाटेनं जन्मभर येत-जात होते.

दुसऱ्या दिवशी मी दार लावलं तशी हाक आली. "बाई, कडी." मला इतका आनंद कधी पगारवाढीचाही झाला नव्हता.

मग अव्वा एकेक मुलूख परत काबीज करत गेली. आधी स्वयंपाकघर, मग अंगण, मग गल्ली. गाडीला हात करायला लागली. माझ्या गैरहजर मुलांची नावं परत मला आधी कळायला लागली. एके दिवशी बघते तर कॅमेऱ्याला माकडटोपी घातलेली. मल्लिनाथचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते.

"अव्वा, कॅमेऱ्यात अंधार दिसतोय."

"अंधारच असतोय की ह्या वक्ताला."

"अव्वा, तिथं आत्ता दुपार आहे."

"व्हय? मग तुमच्याकडं अंधार असंल," अव्वा म्हणाली आणि फोन मुमताजकडं दिला.

दोघं अमेरिकेहून परत आल्यावर अव्वाला तपासणीला नेलं. या खेपेला मीही सोबत गेले होते, अव्वानं हुकूम केला होता म्हणून. डॉक्टरांनी नवी तीन नावं सांगितली आणि थोड्या वेळानं विचारली. अव्वानं तिन्ही सांगितली. वर म्हणाली, "मागल्या येळंचीबी सांगू का? कुलूप, चमचा, पोपट." डॉक्टर चष्मा काढून बघायला लागले. "मग तेव्हा का नाही सांगितलंत, आजी?" अव्वा म्हणाली, "तवा तुमी मला कुठं इचारलं? तुमी ह्याला इचारलं."

गुण कशानं आला यावर पुष्कळ चर्चा झाली. डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी. सुजाता म्हणाली रोजच्या बदामांनी. मुमताजनं कुठल्याशा दर्ग्याला चादर चढवली. अव्वाला गुण आला हेच मान्य नव्हतं, कारण आपल्याला काही झालं होतं हेच तिला मान्य नव्हतं. केंद्राचा विषय बंद झाला आणि अव्वा अणदूरला राहिली. कॅमेरा निघाला, खिळा राहिला.

गोष्ट इथं संपली असती तर अव्वा माझ्या आठवणीत एक गमतीची म्हातारी म्हणून राहिली असती. पण पुढं मल्लिनाथ निवृत्त झाला. जन्मभर ज्याच्या सहीशिवाय माणसं सुट्टीवर जात नव्हती, त्याचा फोन एका दिवसात मुका झाला. घर सुजाताच्या ताब्यात, पथ्य लेकीच्या ताब्यात, पैसे कुठं ठेवायचे ते जावयाच्या ताब्यात. त्याला सगळे म्हणायचे, तुम्ही आता आराम करा. वर्षाच्या आत सुजाताचा मला फोन आला. हे भाजी आणायला जातात आणि नुसतेच परत येतात. स्कूटर कुठं लावली आठवत नाही. सकाळी शर्ट कुठला घालू विचारतात. अव्वा शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "त्याला हिकडं धाडा."

मल्लिनाथ आला. ढिला पडलेला, डोळे कुठंतरी लागलेले. अव्वानं त्याचा ताबा घेतला. ऊठ म्हटलं की उठायचा, जेव म्हटलं की जेवायचा. तिला वाटत होतं आता बघता बघता सुधारेल. तो आणखी मिटत चालला. एका सकाळी ती भाकरी थापत होती आणि तो दारात येऊन उभा राहिला. एवढा थोराड माणूस. म्हणाला, "अव्वा, चहा घेऊ का?"

तिचा हात परातीत थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. तव्यावरची भाकरी करपली. अव्वाच्या हातून भाकरी करपलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून अव्वा विसरायला लागली. "मल्लू, मोटर कवा लावायची असती रं?" "मल्लू, गाडीची येळ काय?" "मल्लू, रशीदला काय सांगू? मला काय सुचंना बग." परत सुरू झालं, असंच वाटलं मला. संध्याकाळी ती एकटी होती तेव्हा जवळ बसून विचारलं, "अव्वा, आज माझ्या वर्गात कोण नव्हतं?" तिनं भराभर नावं सांगितली, कारणांसकट, आणि मग मान उंचावून आत बघितलं. "हळू बोला, बाई," ती म्हणाली. "त्यो जागा हाय."

मग मला कळलं, आणि मी घाबरले. आधी एकदा या बाईला नुसतं बसवून ठेवलं होतं तर काय झालं होतं, ते मी बघितलेलं होतं. आता ती आपणहून बसत होती. नाटक करता करता ते खरं झालं तर काय घ्या? मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "व्हईल तर व्हईल. त्याचं अजून लई दिस जायचेत."

मल्लिनाथ आधी नाइलाजानं, मग रागानं, मग हौसेनं सगळं बघायला लागला. मोटरीच्या वेळा त्यानं ठरवल्या. रशीदभाईंशी खतावरून वाद घातला. तोंडावर तजेला आला. मला ओट्यावर गाठून म्हणाला, "बाई, अव्वाला आता काही कळत नाही. सगळं मलाच बघावं लागतंय." मी म्हटलं, खरंय. सकाळची गाडी येऊन जायची. अव्वा हात वर करायची नाही, कारण मल्लिनाथ तिथं बसलेला असायचा.

माझी परंड्याला बदली झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. परतीचा पाऊस होऊन गेला होता, ज्वारी पेरायची होती. पेरायला जमीन नेमकी ओली लागते, चिखलही नको आणि कोरडीही नको, त्याला वापसा म्हणतात, आणि तो हातात माती दाबून बघायचा असतो. अव्वा मला सकाळीच रानात घेऊन गेली. कुणी यायच्या आत तिनं खाली वाकून काळी माती उचलली, मुठीत दाबली, बोटानं फोडली. ढेकूळ भुसभुशीत फुटलं. "आजच," ती म्हणाली. "आज दिवस मावळायच्या आत."

मग मल्लिनाथ आला, मागून रशीदभाई ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडून. अव्वा बांधावर बसली. "मल्लू, बग रं वापसा आलाय का. माझ्या हाताला काय कळंना आता."

मल्लिनाथनं माती घेतली. दाबली, वास घेतला, चार ठिकाणी फिरून बघितलं. बराच विचार केला. "अजून ओली वाटते," तो म्हणाला. "रशीदभाई, आज नको. परवा पेरू."

रशीदभाईंनी अव्वाकडं पाहिलं. ऊन आत्ताच चटके देत होतं. ते तिच्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अव्वा, परवापतोर ओल ऱ्हायची न्हाय. निम्मं उगवायचं न्हाय."

"ठाव हाय मला," अव्वा म्हणाली. मातीचा हात तिनं पदराखाली घेतला आणि पुसत राहिली. पुसता पुसता मल्लिनाथला हाक मारली. "मल्लू, मग परवा कवा यायचं आमी?"

मल्लिनाथनं घड्याळात बघितलं. "सातला या. उशीर करू नका."

"बरं," अव्वा म्हणाली.